उरलेले सहा टक्के

फॉर्मच्या चौथ्या पानावर विचारलं होतं,
लस कोणी टोचली.
मी माझंच नाव लिहिलं. नेस्टा प्रीस, नर्स.
पुढच्या चौकोनात, अर्जदाराशी नातं:
बायको.

त्या दिवशी चॅपलच्या मागच्या खोलीत
एकशे एकोणचाळीस दंड माझ्या हाताखालून गेले.
थुलथुलीत, हडकुळे, एकावर निळा नांगर गोंदलेला.
कुपीच्या तळाशी एक डोस राहिला.
टाकवेना. मीच इडवलला फोन केला,
ये, पाच मिनिटांचं काम आहे.
"दुखेल का गं?" त्यानं विचारलं, खोलीला हसवायला.
दुखलं नाही. खरंच नाही दुखलं.

अकराव्या दिवशी पायांना फरशी कळेना.
सोळाव्या दिवशी हातातून चमचा पडला,
आणि आम्ही दोघं त्या चमच्याकडे बघत बसलो.
बॅन्गॉरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर वायर काढून दाखवली,
वरचं आवरण कुरतडलेली.
कोणी कुरतडलं?
त्याच्याच रक्तानं, शत्रू समजून.

इडवल खाणीतल्या पाटीचा दगड फोडायचा.
छिन्नी टेकवायची, कान लावल्यासारखं थांबायचं,
एक टोला, की दगड वहीसारखा उघडायचा.
आता तीच बोटं
शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी वाटाघाटी करतात.
पहिल्याचा नाद त्यानं सोडलाय.

दोन वर्षं चार महिन्यांनी पत्र आलं.
लशीमुळेच झालं असावं, हे मान्य.
पण अपंगत्व चोपन्न टक्के. कायद्याला साठ लागतात.
सबब रक्कम: शून्य.
मोजणारा माणूस आमच्या घरी कधी आलाच नाही.
त्यानं कागद तोलले.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही ते सहा टक्के शोधले.
इडवल म्हणाला, अंगठा धरला असेल, डावा.
मी म्हटलं, रात्री बाथरूमपर्यंतची अकरा पावलं,
त्यातली भिंत न धरता टाकलेली चार.
"तू पण धरली असशील," तो म्हणाला,
"मोजे चढवायला बायको आहे, वजा दोन."
हसला. मग बराच वेळ मिठाची बाटली फिरवत राहिला.

त्याच्या वडिलांची फुप्फुसंही अशीच मोजली होती.
चाळीस वर्षं पाटीची धूळ,
आणि एका एक्स-रेवर पेन्सिलचा आकडा.
म्हातारा ग्रिफ म्हणायचा,
चांगल्या राहिलेल्या तुकड्याचं काय करू, सांगा,
शिट्टी वाजवू?
आणि वाजवायचा. अर्ध्यावर खोकला यायचा.

बाहेरगावचा एक गृहस्थ आला, कोट छान होता.
इडवलचा खुर्चीतला फोटो हवा होता, फलकावर,
खाली लिहिणार: विष.
इडवलनं विचारलं, त्या एकशे एकोणचाळीस जणांचाही लावणार?
त्यातले काही, देवाच्या दयेनं, अजून जिवंत आहेत.
गृहस्थ चहा न घेता गेला.
आमचे आपलेही आहेत,
दुकानात आवाज खाली करून म्हणतात,
नेस्टा, फार बोलू नकोस याबद्दल, लोक बिचकतील.
खरं आहे.
जात्यात एखादाच दाणा पडतो, बाकीचे सुपात, सुखरूप;
पण त्या दाण्याला
निदान दाणा तरी म्हणा.

ऑक्टोबरात परत लशीचा मोसम.
मी जाते. दंड पुसते, टोचते, कापूस दाबते.
दुखेल का, कोणी विचारलं
तर आता लगेच उत्तर देत नाही.
आणि तळाशी डोस उरला
तर फोनकडे बघत नाही.

लवादाकडे अपील करायचंय.
शेवटच्या पानावर सहीसाठी चौकोन,
आगपेटीएवढा.
मी करू का, म्हटलं. नको म्हणाला.
डाव्या हातानं उजवं मनगट धरलं,
पेन टेकवलं, थांबला,
दगडाशी थांबायचा तसा.
चहा निवला.
सही चौकोनाबाहेर गेली, खालच्या सूचनांवरून,
पार कागदाच्या कडेपर्यंत.

फॉर्मवर छापलंय: चौकोनाबाहेर लिहू नये.
मी तसाच पाकिटात घातला.